चाकाच्या गणितात उत्तर चुकतंय? चुकलेलं उत्तर बरोबर उत्तराशी ताडून बघा

लालबागच्या चाळीत मी संध्याकाळी सातवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. वर्तुळाचा परीघ शिकवून झाला आणि चाकांची उदाहरणं सुरू झाली, की दरवर्षी आयांचे फोन येतात: "टीचर, सूत्र तोंडपाठ आहे हो त्याचं, पण उत्तर काही जुळत नाही." मग घरात तेच उदाहरण दहा वेळा सोडवून घेतलं जातं, मूल रडकुंडीला येतं, आणि चूक तिथेच राहते.

ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये दुरुस्त केली आहे की आता आधी सोडवणूक बघतच नाही. मुलाचं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर शेजारी लिहिते आणि मोठ्याला लहानाने भागते. भागाकार किती येतो, त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. हीच पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे. घरी कुणालाही करता येईल.

सगळीकडे एकच उदाहरण धरू. सायकलच्या चाकाचा व्यास 70 सेमी आहे. 1.1 किमी अंतर जाताना चाकाचे किती फेरे होतील? परीघ 22/7 × 70 = 220 सेमी, म्हणजे 2.2 मीटर. 1100 ला 2.2 ने भागलं की 500 फेरे. बरोबर उत्तर 500.

आता लक्षणं. मुलाच्या वहीत यातलं काय आहे ते आधी बघा.

उत्तर 250 किंवा 1000 आलं, म्हणजे बरोबर निम्मं किंवा दुप्पट.
उत्तर 5 आलं, 50,000 आलं, किंवा शून्याच्या पुढे दशांशात कुठेतरी हरवलं.
उत्तर 500.45 असं जवळपास आलं, पण जुळत नाही.
उत्तर 28.57 असं विचित्र आलं.
उत्तर 2420 आलं.
वेगाच्या उदाहरणात 60 पटीचा किंवा 3.6 पटीचा फरक पडला.
भागाकारातून काहीच हाती लागत नाही, पण वजाबाकी केली की बरोबर 1 उरतो.

तपासणी याच क्रमाने करा. सुरुवातीच्या गोष्टींना मिनिटही लागत नाही, शेवटच्यांना एक संध्याकाळ जाते. उलट क्रमाने गेलात, तर साध्या चुकीसाठी मुलाला उगाच अख्खा धडा पुन्हा ऐकावा लागतो.

पेन्सिल न उचलता

मुलाला स्वतःचं उत्तर मोठ्याने वाचायला सांगा, पूर्ण वाक्यात: "1.1 किलोमीटर जाताना चाकाचे 5 फेरे झाले." मग विचारा, एका फेऱ्यात सायकल किती पुढे गेली? 220 मीटर. एवढ्या परिघाच्या चाकाचा व्यास 70 मीटर होतो, म्हणजे आपल्या चाळीसमोरच्या बावीस-तेवीस मजली टॉवरएवढं चाक! हे ऐकलं की मूल स्वतःच वही ओढून घेतं.

एक अंदाज डोक्यात पक्का बसवा. मोठ्या माणसाची सायकल एका फेऱ्यात दोन मीटरच्या थोडी पुढे जाते. म्हणून एका किलोमीटरला साधारण साडेचारशे ते पाचशे फेरे. एवढ्यावरच निम्म्याहून जास्त चुका पकडल्या जातात. माझ्या मते सूत्राआधी हा अंदाज शिकवायला हवा.

निम्मं किंवा दुप्पट

इथे त्रिज्या आणि व्यास यांची अदलाबदल झालेली आहे. 250 आलं, म्हणजे मुलाने 2πr मध्ये r च्या जागी 70 घातले आणि परीघ दुप्पट झाला. 1000 आलं, म्हणजे 70 चे 35 केले, पण 2 ने गुणायचं राहून गेलं.

चाकाच्या उदाहरणांत ही चूक जास्त होते, त्याला कारण आहे. वर्तुळ काढताना आपण कंपासमध्ये त्रिज्या घेतो, पण चाक मोजायचं तर टेप आरपार धरावी लागते. त्यामुळे चाकाचा बहुतेक वेळा व्यास दिलेला असतो, आणि मुलाच्या ओठांवर सूत्र असतं त्रिज्येचं. चाकासाठी मी सरळ πd वापरायला लावते. सेमी-इंग्लिशच्या मुलांचा घोळ वेगळाच असतो. पुस्तकात डायमीटर, घरी आजोबा सांगतात व्यास, आणि घाईत डायमीटर वाचून मूल लिहितं त्रिज्या. त्यांना उदाहरणाची पहिली ओळ ठरवून दिली आहे: "व्यास = ". त्रिज्या दिली असेल तर तिची दुप्पट करूनच ती ओळ भरायची. महिनाभर ही सवय लावली की ही चूक परत येत नाही.

शंभर पट, हजार पट

भागाकार 10, 100, 1000 असा गोल आला की एककं तपासा. परीघ सेंटीमीटरमध्ये, अंतर मीटरमध्ये, आणि भागाकार तसाच उरकलेला. 1100 भागिले 220, म्हणून 5. भागायच्या आधी दोन्ही आकड्यांपुढे एकक लिहायचं आणि दोन्ही एकाच एककात आणायचे. "शेवटी करतो ना टीचर" असं म्हणणारी मुलं शेवटी विसरतात. याहून जास्त यात काही नाही.

थोडक्यात हुकलेलं उत्तर

500 च्या जागी 500.45 आलं, तर मुलाला रागावू नका. ही चूकच नाही. त्याने π साठी 3.14 घेतले आणि पुस्तकाने 22/7. या दोन किमतींमुळे साधारण 1,100 फेऱ्यांमागे एका फेऱ्याचा फरक पडतो. उदाहरणात किंमत दिली असेल तर तीच घ्यायची. दिली नसेल आणि व्यासाला 7 ने भाग जात असेल, तर 22/7 घेतल्याने आकडेमोड सोपी होते.

दोन्ही किमती अंदाजेच आहेत, हे मात्र मुलांना सांगा. आर्यभटाने 20,000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62,832 सांगितला, म्हणजे 3.1416, आणि त्याला शब्द वापरला "आसन्न", म्हणजे जवळपासचा. इतकी काटेकोर किंमत देऊनही त्याने ती नेमकी असल्याचं म्हटलं नाही. मला हा शब्द फार आवडतो आणि मी तो फळ्यावर लिहिते.

28.57 सारखं विचित्र उत्तर

500 ला 28.57 ने भागलं की 17.5 येतात. ही 35 या त्रिज्येची निम्मी आहे. भागाकार त्रिज्येच्या निम्मा आला, की मुलाने परिघाच्या जागी क्षेत्रफळ घेतलं असं खुशाल समजा. πr² ला 2πr ने भागलं की r/2 उरतो, म्हणून हा आकडा दरवेळी असाच सापडतो.

सूत्र पुन्हा पाठ करून घेण्याने ही चूक जात नाही. क्षेत्रफळ कशाचं आणि परीघ कशाचा, हे डोळ्यांसमोर यावं लागतं. मी शिवाजी पार्कच्या पिचवरच्या रोलरचं उदाहरण घेते, कारण तो मुलांनी पाहिलेला असतो. दोन यष्ट्यांमधलं अंतर 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर. रोलरचा व्यास 70 सेमी धरला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे? रोलर जमिनीला कडेने टेकतो, म्हणून इथे परीघच लागणार: 20.12 भागिले 2.2, नऊ फेरे आणि वर थोडंसं. आता विचारा, एका फेऱ्यात किती जागा दाबली गेली? त्यासाठी परीघ गुणिले रोलरची रुंदी. रोलरच्या बाजूच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळ यातल्या कुठल्याच प्रश्नात लागत नाही, कारण ते तोंड जमिनीला टेकतच नाही. "जमिनीला काय टेकतं?" हा एक प्रश्न मुलाच्या तोंडी बसवा.

2420 आलं तर

इथे भागायच्या जागी गुणलं आहे: 1100 × 2.2. भागाकार करून बघितलात तर 4.84, म्हणजे 2.2 चा वर्ग.

ही सगळ्यात गंभीर चूक. आधीच्या चुका निष्काळजीपणाच्या किंवा सवयीच्या असतात. इथे मात्र चाक फिरतं म्हणजे नेमकं काय होतं, हेच मुलाच्या मनात उमटलेलं नसतं. वहीत दुरुस्ती करून उपयोग नाही. सायकल लागते, खडू लागतो आणि एक संध्याकाळ लागते.

आमच्या चाळीत पाववाल्याची काळी सायकल संध्याकाळी जिन्याखाली उभी असते. मोठं चाक, टायरवर 28 × 1½ असं उठवलेलं. आठवीतला एक मुलगा सहा उदाहरणांत सलग गुणाकार करत होता. त्याला मी त्या सायकलपाशी नेलं आणि विचारलं, "चाक एकदा फिरलं की सायकल किती पुढे जाईल?" तो म्हणाला, "चाकाएवढी." मी म्हटलं, बोट ठेव. त्याने पुढच्या चाकापासून मोजून दुसऱ्या लादीवर बोट ठेवलं, म्हणजे सत्तर सेंटीमीटरच्या आसपास.

मग आम्ही चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणला आणि तिथेच टायरवर ओल्या खडूची जाड रेघ ओढली. रेघ शहाबादी लादीवर उमटली. हँडल सरळ धरून त्याने सायकल हळूहळू पुढे ढकलली. व्हॉल्व्ह वर चढला. त्याने ठेवलेल्या खुणेवरून चाक पुढे निघून गेलं तेव्हा व्हॉल्व्ह खाली यायला बराच अवकाश होता. मुलगा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि परत ढकलू लागला. दुसरी रेघ उमटली ती चौथ्या लादीवर. टेपने मोजलं: 2 मीटर 23 सेंटीमीटर.

त्यानंतर त्याने टायरभोवती सुतळी गुंडाळली, कापली आणि दोन रेघांमध्ये ठेवली. बरोबर बसली. मग चाकाच्या आरपार मापाची दुसरी सुतळी घेऊन ती पहिलीवर तीनदा ठेवली, आणि जेमतेम अर्धी वीत उरली. "हाच तो तीन पूर्णांक चौदा?" त्याने विचारलं. हो, हाच. चाकाचा अख्खा काठ जमिनीवर उलगडतो आणि तेवढीच सायकल पुढे सरकते, हे त्याला मी सांगितलं नाही, त्याने पाहिलं. वर येऊन त्याने 1100 मीटरमध्ये 2.2 मीटरचे तुकडे किती, असा विचार केला आणि न सांगता भागाकार मांडला.

हा प्रयोग घरी करताना तीन गोष्टी सांभाळा. शिंप्याची टेप दीड मीटरचीच असते आणि ताणली जाते, गवंड्याची पोलादी टेप घ्या. टायरमध्ये हवा भरलेली असू द्या. आणि एकच फेरा न मोजता पाच फेरे मोजून पाचाने भागा, म्हणजे खडूच्या रेघेच्या जाडीची चूक वाटली जाते. कुणी सायकलवर बसलं असेल, तर टायर दबतो आणि माप एखाददुसरा सेंटीमीटर कमी भरतं. ते खरंच तसं होतं, तुमची मोजणी चुकलेली नाही.

प्रयोगानंतर मी लोकलचं उदाहरण देते. लोकलच्या नव्या चाकाचा व्यास 952 मिमी असतो. रुळांवर झिजून आणि कारशेडमध्ये पुन्हा कातून तो कमी होत जातो, आणि 857 मिमीला चाक बाद होतं. नव्या चाकाचा परीघ जवळजवळ 3 मीटर, बाद व्हायला आलेल्याचा 2.69 मीटर. चर्चगेट ते दादर हे अंतर सुमारे 10 किमी धरा. नवं चाक 3,340 च्या आसपास फेरे घेईल, झिजलेलं 3,710 च्या आसपास. चाक लहान झालं तर फेरे वाढले की कमी झाले? या प्रश्नाचं उत्तर मुलाने आकडेमोडीच्या आधी बरोबर दिलं, तर गुणाकार-भागाकाराचा बिघाड दुरुस्त झाला असं समजा.

वेगाची उदाहरणं

चाक मिनिटाला 120 फेरे घेतं, परीघ 2.2 मीटर, ताशी वेग किती? मिनिटाला 264 मीटर, तासाला 15,840 मीटर, म्हणजे ताशी 15.84 किमी. कुणी 264 वर थांबतं, कुणी 4.4 वर. 15.84 ला 4.4 ने भागलं की 3.6 येतात, म्हणजे मुलाने मीटर प्रति सेकंदात उत्तर काढलं आणि ताशी किलोमीटरमध्ये बदललंच नाही. चाकाचं गणित बरोबर आहे, वेळेचं राहिलंय. इथे परीघ पुन्हा शिकवत बसू नका.

वजाबाकीत बरोबर 1

हे शाळेच्या पुस्तकात क्वचित, स्पर्धा परीक्षांत जास्त. चाक सरळ रस्त्यावर न जाता दुसऱ्या वर्तुळाच्या बाहेरून फिरतं. एक रुपयाची सारखी दोन नाणी घ्या. एक टेबलावर दाबून धरा, दुसरं त्याच्या कडेने न घसरता पूर्ण फिरवा. परीघ सारखाच, म्हणून सगळे एक फेरा सांगतात. नाण्यावरच्या आकड्याकडे लक्ष ठेवा, तो दोनदा सरळ होतो. फिरणाऱ्या नाण्याचा केंद्रबिंदू दोन त्रिज्यांच्या बेरजेएवढ्या मोठ्या वर्तुळावरून जातो, म्हणून एक फेरा जास्त.

1982 साली अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत असाच प्रश्न आला होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, तर किती फेरे? बरोबर उत्तर 4, आणि दिलेल्या पर्यायांत ते नव्हतंच. तीन विद्यार्थ्यांनी पत्रं लिहून ही चूक दाखवून दिली. तेव्हा तुमच्या मुलाचं उत्तर पुस्तकापेक्षा एकाने जास्त असेल, तर त्याला चूक म्हणण्याआधी नाणी फिरवून बघा.

कुठे थांबायचं

दोन संध्याकाळी सायकलवर प्रयोग करूनही चूक तशीच राहिली, तर घरी पुढे ताणू नका. आधी वही घेऊन शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना भेटा. कधी शाळेत वेगळी रीत शिकवलेली असते आणि घरी आपण तिच्याशी भांडत बसतो. पुस्तकाचं उत्तरच छापताना चुकलंय असं वाटलं, तरी तेच विचारण्याची ती जागा आहे.

मूल फळ्यावरून 2.2 च्या जागी 22 उतरवत असेल, दशांश चिन्ह सतत गळत असेल, तर डोळे तपासून घ्या. माझ्याकडच्या एका मुलीचा सगळा "निष्काळजीपणा" चष्मा लागल्यावर गेला, आणि तोवर तिने वर्षभर बोलणी खाल्ली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट मी किंवा पालकांनी स्वतः ठरवायची नाही. सातवी-आठवीतलं मूल 25 आणि 52 यांची अदलाबदल करतंय, दोन आकड्यांतला मोठा कोणता ते चटकन सांगता येत नाही, काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही, वाण्याकडून सुटे पैसे किती परत आणायचे ते कळत नाही, आणि हे बरीच वर्षं चाललंय. अशा वेळी शिकवणी वाढवू नका, तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर रुग्णालय अशा पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. निदान झालं आणि प्रमाणपत्र मिळालं, तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी बरेच हेलपाटे घालावे लागतात, म्हणून दहावीचं वर्ष उजाडण्याची वाट बघू नका. जाताना गेल्या दोन वर्षांच्या गणिताच्या वह्या सोबत न्या, आणि त्यातली चुकलेली उत्तरं खोडू किंवा पुसू नका.